छपरात अंतर्भूत सौर संग्राहकाच्या कार्यक्षमतेचे अनुमान : भोर-वेल्हे परिसराच्या संदर्भात

सूर्याचे प्रारण शोषून त्यापासून निर्माण झालेली उष्णता पाण्याला किंवा हवेला देणारे साधन म्हणजे सौर संग्राहक. त्याची अंगे चार : प्रारण शोषणारा काळा पृष्ठभाग म्हणजे शोषक, त्यावरील काच म्हणजे आच्छादन, उष्णता वाहून नेणारा द्रव किंवा हवा म्हणजे वाहक, आणि पाठीमागून उष्णता निसटू नये म्हणून घातलेला थर म्हणजे निरोधक. आरसे जुळवून किरण एका जागी एकवटणारी साधने या विवेचनात घेतलेली नाहीत. विल्यम ॲडम्स यांनी मुंबईत केलेल्या प्रयोगांवर १८७८ साली पुस्तक प्रसिद्ध केले, ते अशा किरण एकवटणाऱ्या साधनांविषयीच होते. अशा साधनांना थेट किरण लागतात, आणि प्रस्तुत प्रदेशात वर्षातील निदान चार महिने थेट किरणांचा भरवसा धरता येत नाही.

इमारतीत अंतर्भूत संग्राहक कोणता, हे ठरविण्याची कसोटी सोपी आहे. जो काढून घेतला असता घर गळू लागते, तो अंतर्भूत. गच्चीवर लोखंडी स्टँडवर उभा केलेला संग्राहक काढला तरी गच्चीचे काही बिघडत नाही. तो इमारतीवर असतो, इमारतीत नसतो. हा भेद केवळ बांधणीचा नाही. स्टँडवरील संग्राहकाला एकच काम असते. अंतर्भूत संग्राहकाला निदान तीन असतात : पाणी तापविणे, पाऊस अडविणे आणि खोलीचे उन्हापासून रक्षण करणे. एका साधनाकडे तीन कामे असली की त्याची कार्यक्षमता एका अंकात सांगता येते का, हा प्रश्न उपस्थित होतो.

कार्यक्षमता म्हणजे मिळालेली उपयुक्त उष्णता भागिले संग्राहकावर पडलेले प्रारण. या व्याख्येतील भाज्य आणि भाजक दोन्ही प्रथम निश्चित केले पाहिजेत. भाजकात क्षेत्रफळ येते, आणि क्षेत्रफळे तीन प्रकारची असतात : (१) चौकटीसह एकूण क्षेत्र, (२) ज्यातून प्रकाश आत शिरतो ते काचेचे क्षेत्र, (३) शोषकाचे क्षेत्र. स्टँडवरील संग्राहकात या तिन्हींतील अंतर थोडे असते. छपरात तसे नसते. बारा चौरस मीटरच्या पाखीत, म्हणजे छपराच्या एका उतरत्या बाजूत, आठ चौरस मीटर शोषक बसविला, आणि शोषकाच्या हिशेबाने कार्यक्षमता ४८ टक्के निघाली, तर पाखीच्या हिशेबाने ती ३२ टक्केच असते. दोन्ही अंक खरे आहेत. मात्र ज्या अनुमानात क्षेत्राचा उल्लेख नाही, ते तपासता येत नाही, आणि म्हणून ते अनुमान या नावाला पात्र नाही.

भाज्याची अडचण अधिक खोल आहे. उष्णता कोठे मोजावयाची? संग्राहकातून बाहेर पडणाऱ्या नळीत, टाकीत, की न्हाणीघरातील बादलीत? आणि केव्हा मोजावयाची? संध्याकाळी, की ज्या वेळी पाणी खरोखर वापरले जाते त्या पहाटे? या प्रश्नांचे उत्तर शेवटी येईल. प्रथम प्रदेश पाहिला पाहिजे.

भोर शहर नीरा नदीच्या काठी, सुमारे १८ अंश १० कला उत्तर अक्षांशावर आहे. वेल्हे त्याच्या वायव्येस, तोरण्याच्या पायथ्याशी, किंचित अधिक उत्तरेस आहे. वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड तालुका असे झाले आहे. दोन्ही तालुक्यांची रचना सारखी आहे. पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य धार, तिच्यापासून पूर्वेकडे पसरलेल्या डोंगरसोंडा आणि त्यांच्यामधील खोरी : हिरडस मावळ, वेळवंड खोरे, रोहिड खोरे, गुंजण मावळ, कानद मावळ. पर्जन्यमान धारेपासून पूर्वेकडे झपाट्याने उतरते. वरंध घाटाच्या माथ्यावरील गाव आणि पुणे-सातारा महामार्गालगतचे गाव एकाच तालुक्यात मोडतात, परंतु त्यांचे आषाढातील आकाश एक नसते. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी ही धरणे याच पट्ट्यात आहेत. अभियंत्यांनी धरणासाठी जी जागा निवडली, ती सौर संग्राहकासाठी सोयीची असण्याचा संभव कमी, हे निराळे सांगावयास नको.

या प्रदेशातील छपरे तीन प्रकारची आहेत : कौलारू, पत्र्याची आणि स्लॅबची. स्लॅबमध्ये संग्राहक अंतर्भूत करण्यास फारसा वाव नाही. तेथे तो स्टँडवरच उभा राहतो, आणि त्याचे गणित कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते. उरलेल्या दोन प्रकारांत छप्पर उतरते असते. उतार पावसाने ठरविलेला असतो : मंगळुरी कौलांना तो साधारणपणे २५ ते ३० अंशांचा ठेवावा लागतो, अन्यथा वाऱ्याबरोबर पाणी कौलांखाली शिरते. आता संग्राहकाच्या कलाविषयीचा सर्वमान्य ठोकताळा असा की वर्षभराच्या उपयोगासाठी कल अक्षांशाइतका, आणि हिवाळ्याला प्राधान्य द्यावयाचे असल्यास अक्षांशाहून सुमारे १५ अंश अधिक ठेवावा. म्हणजे येथे १८ ते ३३ अंश. पावसासाठी ठरलेला उतार सूर्यासाठी हव्या असलेल्या मर्यादेत आपोआप बसतो. कलाचा प्रश्न अशा रीतीने सुतारानेच सोडवून ठेवलेला आहे.

दिशेचा प्रश्न मात्र त्याने सोडविलेला नाही. आढे कोणत्या दिशेने जाईल हे जागा, रस्ता आणि शेजार यांवर ठरते. २१ डिसेंबरला भोर येथे मध्यान्ही सूर्य डोक्यापासून सुमारे ४१.६ अंश दक्षिणेला असतो. त्या क्षणी २५ अंशांच्या दक्षिण पाखीवर थेट किरणांचा ०.९६ भाग लंबरूपाने मिळतो, आडव्या पृष्ठभागावर ०.७५, पूर्व किंवा पश्चिम पाखीवर ०.६८ आणि उत्तर पाखीवर अवघा ०.४०. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य डोक्यावर येतो, तेथून जुलैच्या अखेरीपर्यंत तो मध्यान्ही उत्तरेकडेच असतो, आणि त्या काळात उत्तर पाख दक्षिण पाखीच्या किंचित पुढे असते. परंतु त्यातील बहुतेक दिवस ढगांचे असल्याने ही आघाडी कागदावरच राहते.

ढगाळ आकाशाचे गणित वेगळे आहे. प्रारणाचे दोन घटक असतात : सूर्यबिंबाकडून सरळ येणारे थेट प्रारण आणि आकाशाच्या सर्व भागांतून येणारे विखुरलेले प्रारण. विखुरलेल्या प्रारणाच्या दृष्टीने पाखीची दिशा गौण असते. पाखीला आकाशाचा किती भाग दिसतो एवढेच महत्त्वाचे असते. २५ अंश उताराच्या कोणत्याही पाखीला आकाशाचा सुमारे ९५ टक्के भाग दिसतो, मग ती दक्षिणेची असो वा उत्तरेची. म्हणून मार्गशीर्षात ज्या दोन पाखींत दुपटीहून अधिक अंतर पडते, त्याच दोन पाखी आषाढात जवळजवळ समान ठरतात. एकाच घराच्या एकाच छपरासाठी दिशेचा गुणक ऋतूप्रमाणे इतका बदलतो की त्याची वार्षिक सरासरी कोणत्याही महिन्याला लागू पडत नाही.

डोंगरांच्या सावलीची भीती पुष्कळदा अवाजवी असते. दोन किलोमीटरवर पाचशे मीटर उंच उठलेला डोंगर क्षितिजापासून १४ अंश आकाश झाकतो. तो घराच्या पश्चिमेस असेल तर हिवाळ्यात सूर्य सुमारे एक तास आधी मावळतो. तथापि त्या तासातील किरण तिरपे आणि क्षीण असल्यामुळे दिवसाच्या एकूण प्रारणातील त्यांचा वाटा अल्प असतो. अंगणातील आंब्याची सावली डोंगराच्या सावलीपेक्षा अधिक नुकसान करते, कारण ती दुपारी पडते.

आता मूळ समीकरणाकडे येता येईल. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत हॉइट हॉटेल यांनी १९३९ साली एक छोटे प्रायोगिक घर उभारले. त्याच्या दक्षिणाभिमुख छपरावर संग्राहक होते. त्या प्रयोगांतून हॉटेल आणि वूर्ट्झ यांचा १९४२ चा निबंध निर्माण झाला. पुढे व्हिलियर आणि ब्लिस यांनी १९५० च्या दशकात त्याला आजचे रूप दिले. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. सु. पां. सुखात्मे यांच्या १९८४ च्या पाठ्यपुस्तकातून भारतातील अभियंत्यांच्या दोन पिढ्या ते शिकल्या. समीकरणाचा जन्म अशा रीतीने घराच्या छपरावर झाला. संग्राहक प्रयोगशाळेच्या स्टँडवर गेला तो नंतर, प्रमाणित चाचण्यांच्या सोयीसाठी. भारतीय मानक १२९३३ नुसार होणारी सपाट संग्राहकाची चाचणीही स्टँडवरच होते.

समीकरणाचा आशय शब्दांत असा : क्षणिक कार्यक्षमता म्हणजे एका स्थिर अंकातून एक वजाबाकी. स्थिर अंक म्हणजे काचेतून किती प्रकाश आत आला, त्यातील किती शोषला गेला आणि शोषलेल्यातील किती वाहकाने उचलला, यांचा गुणाकार. त्याला येथे आद्यांक म्हणू. वजा होणारी राशी म्हणजे ऱ्हासांक गुणिले तापमानांतर, भागिले प्रारण. तापमानांतर म्हणजे संग्राहकात शिरणारे पाणी आणि बाहेरील हवा यांच्या तापमानांतील फरक. उदाहरणासाठी आद्यांक ०.७० आणि ऱ्हासांक दर चौरस मीटर दर अंशास ५ वॅट धरू. एका काचेच्या चांगल्या सपाट संग्राहकाचे अंक याच्या आसपास असतात. फेब्रुवारीच्या दुपारी प्रारण दर चौरस मीटर ८०० वॅट, हवा २८ अंश आणि शिरणारे पाणी ४० अंश असेल, तर कार्यक्षमता ०.६२५. जुलैमध्ये प्रारण २५० वॅट, हवा २४ अंश आणि पाणी तेच ४० अंश असेल, तर ०.३८. संग्राहक तोच, अंक निराळे. प्रारण ११४ वॅटच्या खाली गेले तर वजाबाकी शून्यावर येते, म्हणजे जेवढी उष्णता शोषली तेवढीच निसटते. या मर्यादेला उंबरठा-प्रारण म्हणता येईल.

छपरात बसविल्यामुळे या समीकरणात नेमके काय बदलते? बदल तीन ठिकाणी होतात.

पहिला बदल पाठीमागच्या ऱ्हासात होतो. स्टँडवर संग्राहकाची पाठ मोकळ्या हवेला असते. छपरात ती माळ्याला किंवा खोलीला असते. ऱ्हासांकाचे दोन भाग करू : वरच्या काचेतून ४.२ आणि पाठीमागून ०.८; पाच सेंटिमीटर निरोधक असता दुसरा अंक साधारण एवढाच येतो. एप्रिलमध्ये बाहेरची सावलीतील हवा ३४ अंश आणि माळ्यावरील हवा ४४ अंश असेल, तर संग्राहकाला जाणवणारे तापमान या दोहोंची भारित सरासरी, म्हणजे ३५.६ अंश होते. ८०० वॅट प्रारणास कार्यक्षमतेतील वाढ केवळ एक टक्का भरते. अंतर्भूत संग्राहकाविषयीच्या लेखनात या वाढीला पुष्कळदा मोठे स्थान दिलेले आढळते. अंक पाहता ते अनाठायी आहे.

परंतु हाच बदल घराच्या बाजूने पाहिला तर चित्र पालटते. शोषक ६० अंशांवर आणि माळा ४४ अंशांवर असता निरोधकातून खाली येणारी उष्णता दर चौरस मीटरला सुमारे १३ वॅट होते. त्याच जागी उघडा पत्रा असता, तो उन्हात तेवढाच तापला असता, आणि त्याच्या खालच्या बाजूने संवहन व उत्सर्जन मिळून शंभर वॅटच्या आसपास उष्णता आत उतरली असती. गुणोत्तर एकास सात-आठ असे येते. वेल्ह्याकडे आता कौले उतरवून पत्रे घालण्याकडे कल आहे, आणि अशा घरात दुपारी बसवत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. संग्राहकाच्या कार्यक्षमतेच्या व्याख्येत या लाभाला जागाच नाही. म्हणून दोन कार्यक्षमता वेगळ्या मानाव्या लागतात : औष्णिक कार्यक्षमता, जी पाण्यात मोजली जाते, आणि निवारण-कार्यक्षमता, म्हणजे पडलेल्या प्रारणापैकी किती भाग खोलीत उतरू दिला नाही त्याचे प्रमाण. दोहोंची बेरीज करणे अशास्त्रीय आहे, कारण पहिलीचे मोल हिवाळ्यात आणि पावसाळ्यात आहे, तर दुसरीचे चैत्र-वैशाखात.

दुसरा बदल वाऱ्याचा. काचेवरून वाहणारा वारा उष्णता नेतो. स्टँडवर तो कडांवरून आणि पाठीवरूनही वाहतो. छपरात कडा झाकल्या जातात, म्हणून कडांचा ऱ्हास जवळजवळ लोप पावतो. मात्र घाटमाथ्याजवळ पावसाळी वारा काचेला ओली ठेवतो, आणि बाष्पीभवनाने होणारा ऱ्हास कोणत्याही प्रमाणित चाचणीत मोजलेला नसतो. अनुमानकर्त्याने पावसात भिजणाऱ्या तासांची कार्यक्षमता शून्य धरावी. त्याने होणारी चूक लहान असते आणि सुरक्षित बाजूला असते.

तिसरा बदल टाकीचा. पंपाशिवाय चालणाऱ्या संचात गरम पाणी हलके होऊन आपोआप वर चढते, म्हणून टाकीचा तळ संग्राहकाच्या माथ्याहून निदान एक फूट वर असावा लागतो. अन्यथा रात्री प्रवाह उलटतो आणि दिवसा मिळविलेली उष्णता संग्राहक आकाशाला परत करतो. स्टँडवर हे सहज साधते. कौलारू घरात आढ्याच्या वर काही ठेवता येत नाही. म्हणून संग्राहक पाखीच्या खालच्या अर्ध्या भागात, वळचणीकडे उतरवावा लागतो आणि टाकी माळ्यावर आढ्याखाली घ्यावी लागते. पाखीचा वरचा भाग त्यामुळे वाया जातो, आणि भाजकातील क्षेत्राचा जो प्रश्न आरंभी उपस्थित केला तो येथे पुन्हा भेटतो. भरलेल्या टाकीचा भार वाशांना सोसवेल का, हा प्रश्न सुताराचा आहे. पण शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, हे कोणाही अनुमानकर्त्याने विसरू नये.

याच ठिकाणी स्थगन-तापमानाचा उल्लेख आवश्यक आहे. पाण्याचा प्रवाह थांबला, उदाहरणार्थ मे महिन्यात घर बंद करून माणसे पुण्या-मुंबईस गेली आणि टाकी रिकामी राहिली, तर शोषक तापत जातो. वरील अंकांनुसार हजार वॅट प्रारणास तो हवेहून १४० अंश वर जाईल. प्रत्यक्षात तापमानाबरोबर ऱ्हासांकही वाढत असल्यामुळे तो त्याआधी थांबतो, परंतु पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या बराच वर. स्टँडवर ही घटना केवळ संग्राहकाची असते. छपरात त्या शोषकामागे सागवानी वासे आणि रिपा असतात. अंतर्भूत संग्राहकात निरोधकाची जाडी म्हणूनच कार्यक्षमतेवरून नव्हे, तर या एका दिवसावरून ठरवावी.

येथवर संग्राहक आणि घर यांचा विचार झाला. उरला तो आकाशाचा, आणि अनुमानातील सर्वांत मोठी चूक तेथेच होते.

भारतीय हवामान खात्याचे प्रारणमापन १९५७ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षापासून पद्धतशीरपणे सुरू झाले, आणि पुणे हे त्याचे केंद्र राहिले. ॲना मणि यांनी १९८० च्या सुमारास संकलित केलेल्या सौर प्रारणाच्या माहितीग्रंथांत पुण्याचे महिनावार अंक मिळतात. भोर किंवा वेल्ह्यासाठी अनुमान करणारा स्वाभाविकपणे तेच अंक उचलतो. पुण्याचे आकाश मात्र सह्याद्रीच्या धारेपासून दूर, पर्जन्यछायेत आहे. ऑक्टोबर ते मे या काळात दोहोंतील अंतर उपेक्षणीय मानता येईल. जून ते सप्टेंबर या काळात तसे मानणे ही गंभीर चूक ठरते.

प्रारणमापक नसलेल्या ठिकाणी सूर्यप्रकाशाच्या तासांवरून प्रारण काढण्याची एक जुनी रीत आहे. स्वीडनच्या अँगस्ट्रॉम यांनी ती १९२४ मध्ये मांडली. तिच्या आजच्या रूपानुसार वातावरणाबाहेरील प्रारणापैकी जमिनीवर पोहोचणारा अंश म्हणजे एक स्थिरांक, अधिक दुसरा स्थिरांक गुणिले प्रत्यक्ष ऊन पडलेल्या तासांचे शक्य तासांशी प्रमाण. दोन्ही स्थिरांक स्थानपरत्वे बदलतात. लॉफ आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये जगातील अनेक शहरांसाठी ते दिले, आणि सौर अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांतून तो तक्ता सर्वत्र पोहोचला. त्यात पुण्याच्या दोन ओळी आहेत : एक पावसाळ्याची, ०.३० आणि ०.५१, दुसरी कोरड्या ऋतूची, ०.४१ आणि ०.३४. इतर शहरांना एक ओळ पुरली. पुण्याला दोन लागल्या, कारण एका समीकरणात ते मावले नाही. वर्षभराच्या एका अंकाविरुद्ध याहून अधिकृत साक्ष मिळणे कठीण.

आता या तक्त्याचा उपयोग वेल्ह्यासाठी करू. पावसाळ्याच्या भरात ऊन पडण्याचे प्रमाण ०.१५ पर्यंत उतरले असे धरू. पावसाळी स्थिरांकांनी पोहोचणारा अंश ०.३८ येतो, चुकून कोरडे स्थिरांक वापरले तर ०.४६. प्रारणातच बावीस टक्क्यांची अतिशयोक्ती झाली. शिवाय तक्त्यातील पावसाळी ओळ ज्या निरीक्षणांवर आधारलेली आहे त्यांत ऊन पडण्याचे प्रमाण २५ ते ४९ टक्के होते. ०.१५ हे त्या मर्यादेबाहेरचे आहे. समीकरण मर्यादेबाहेर ताणले जात आहे, हे अनुमानाबरोबर लिहून ठेवावे लागते.

तथापि केवळ एकूण प्रारण कळूनही भागत नाही. उंबरठा-प्रारणामुळे प्रारणाची मात्रा जितकी महत्त्वाची, तितकीच त्याची वाटणी महत्त्वाची असते. दोन दिवस घेऊ. दोन्ही दिवशी पाखीवर दर चौरस मीटर २,००० वॅट-तास प्रारण पडले. पहिला दिवस आषाढातील : दहा तास एकसारखे झाकोळलेले आकाश आणि २०० वॅटचे स्थिर प्रारण. दुसरा श्रावणातील : तीन तासांची उघडीप, तीत ५०० वॅट, उरलेल्या सात तासांत सर्व मिळून ५०० वॅट-तास. मघाचेच अंक घेऊन, पाणी हवेहून १६ अंश अधिक धरले, तर दर तासाला ८० वॅट-तास निसटतात. पहिल्या दिवशी उपयुक्त उष्णता ताशी ६० याप्रमाणे ६०० वॅट-तास, म्हणजे ३० टक्के. दुसऱ्या दिवशी उघडिपीतील ताशी २७० याप्रमाणे ८१०, आणि उरलेल्या सात तासांतील शून्य. म्हणजे ४० टक्क्यांहून किंचित अधिक. प्रारण समान, संग्राहक समान, फळात एक तृतीयांशाहून अधिक फरक.

यातून एक निष्कर्ष निघतो, जो प्रथमदर्शनी विपरीत वाटतो. सरासरी प्रारणावरून काढलेले अनुमान तुटक आकाशासाठी प्रत्यक्षाहून कमी येते. कारण सरासरी काढताना उंबरठ्याखालील तासांची तूट उघडिपीच्या तासांतून वजा होते; प्रत्यक्षात उंबरठ्याखाली प्रवाह थांबतो, म्हणून लाभ शून्याखाली जात नाही. हॉटेल आणि व्हिलियर यांनी उपयोज्यतेची, म्हणजे केवळ उंबरठ्यावरील प्रारण हिशेबात धरण्याची, संकल्पना मांडली ती याच कारणाने. येथे ती पंचांगाशी आश्चर्यकारकरीत्या जुळते. आषाढाची झड आणि श्रावणाची सर यांतील फरक शेतकरी जसा जाणतो, तसाच तो संग्राहकालाही जाणवतो. हवामानाच्या मासिक सरासरीला मात्र तो दिसत नाही. म्हणून या दोन तालुक्यांसाठी पावसाळा हा एक ऋतू न मानता दोन मानावेत : झडीचा आणि उघडिपीचा. कॅलेंडरच्या महिन्यांपेक्षा ही विभागणी अधिक शास्त्रीय आहे.

वरील हिशेबात एक दुरुस्ती राहते. आद्यांक ०.७० हा काचेवर लंब पडणाऱ्या किरणांचा आहे. विखुरलेले प्रारण सर्व कोनांतून येते, आणि सुमारे ६० अंशांच्या कोनाने पडणाऱ्या किरणांप्रमाणे वागते; त्यामुळे आद्यांक साधारण दशांशाने घटून ०.६३ होतो. उंबरठा त्यामुळे ११४ वरून १२७ वॅटवर जातो. झडीच्या दिवशी ३० टक्क्यांऐवजी २३ टक्केच पदरी पडतात.

ही घट ज्या काळात होते, त्याच काळात गरम पाण्याची गरज तीव्र असते आणि सरपण ओले असते. शंभर लिटर पाणी ३८ अंशांनी तापविण्यास सुमारे १६ मेगाज्यूल उष्णता लागते. साध्या चुलीची कार्यक्षमता १२ टक्के आणि वाळलेल्या लाकडाची उष्णता किलोला १५ मेगाज्यूल धरली, तर जवळजवळ नऊ किलो लाकूड जळते. ओल्या लाकडाचे त्याहून पुष्कळ अधिक. आषाढातील एक टक्का कार्यक्षमता आणि चैत्रातील एक टक्का कार्यक्षमता यांचे मोल म्हणून सारखे नाही. चैत्रात बरेचसे गरम पाणी टाकीत तसेच राहते, आणि न वापरलेली उष्णता उपयुक्त या संज्ञेत बसत नाही.

काचविरहित संग्राहकाचा, म्हणजे पत्र्याच्या खालच्या बाजूस नळ्या जोडून पत्र्यालाच शोषक बनविण्याचा प्रकार थोडक्यात पाहता येईल. त्याचा आद्यांक ०.८५ पर्यंत जातो, कारण काचेत प्रकाश अडत नाही. परंतु ऱ्हासांक १८ च्या आसपास आणि वाऱ्याबरोबर वाढणारा. ८०० वॅट प्रारणास पाणी हवेहून दहा अंश अधिक असता तो काचेच्या संग्राहकाच्या जवळजवळ बरोबरीने ०.६२५ देतो, पंचवीस अंश अधिक असता ०.२९ वर कोसळतो. स्नानाच्या पाण्यासाठी तो अपुरा, पण गोठ्यासाठी कोमट पाणी हवे असल्यास स्वस्त आणि पुरेसा. हवा तापविणाऱ्या छपराचे असेच : भात वाळविण्यास हवेपेक्षा दहा-पंधरा अंश अधिक उष्ण हवा पुरते, आणि आंबेमोहर किंवा इंद्रायणी घरात येते ती ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या निरभ्र दिवसांत. तापमानांतर अल्प आणि प्रारण भरपूर, अशी समीकरणाला सर्वांत अनुकूल स्थिती वर्षात याच वेळी असते.

अनुमानाची शेवटची पायरी पडताळणीची, आणि ती सामान्य साधनांनी होऊ शकते. समजा, जानेवारीत दक्षिण पाखीतील दोन चौरस मीटर काचक्षेत्राच्या संग्राहकाला शंभर लिटरची टाकी जोडलेली आहे. पहाटे टाकी २० अंशांच्या पाण्याने भरली, दिवसभर पाणी काढले नाही, आणि सूर्यास्तास तापमान ५८ अंश आढळले. मिळालेली उष्णता ४.४ किलोवॅट-तास. पाखीवर त्या दिवशी दर चौरस मीटर ६ किलोवॅट-तास प्रारण पडले असेल, तर दैनिक कार्यक्षमता ३७ टक्के. विक्रेत्याच्या पत्रकावरील क्षणिक कार्यक्षमता ६२ टक्के असूनही दिवसाची ३७ येते, यात विसंगती नाही : दिवसभर शिरणारे पाणी तापत जाते, सकाळ-संध्याकाळ किरण तिरपे असतात आणि नळ्यांतून उष्णता निसटते. ज्या विक्रेत्याच्या पत्रकात केवळ पहिला अंक असतो, त्याने खोटे सांगितलेले नसते. त्याने दिवसातील एक क्षण सांगितलेला असतो.

तापमान मोजताना एक दक्षता हवी. टाकीत गरम पाणी वर आणि थंड पाणी तळाशी थर करून राहते; वरच्या नळातून काढलेल्या पहिल्या तांब्याचे तापमान हे टाकीचे तापमान नव्हे. सर्व पाणी बादल्यांनी काढून, प्रत्येक बादलीचे तापमान नोंदून सरासरी घ्यावी.

शेवटी, भाज्य केव्हा मोजावयाचे हा प्रश्न. गरम पाणी पहाटे लागते, आणि जानेवारीतील रात्र तेरा तासांची व थंड असते. चांगल्या निरोधकाच्या शंभर लिटर टाकीतून दर अंशास पाऊण वॅट निसटतात असे धरले, आणि टाकी हवेहून सरासरी ४० अंश उष्ण असली, तर पहाटेपर्यंत ३९० वॅट-तास जातात. पाणी सुमारे ३.४ अंशांनी उतरते आणि दैनिक कार्यक्षमता ३७ वरून ३४ वर येते. टाकी आढ्याखाली माळ्यावर असल्यास सभोवतालची हवा बाहेरच्या हवेपेक्षा दोन-चार अंश उबदार असते, म्हणून ही घट थोडी कमी भरते. स्टँडवरील संचाच्या तुलनेत अंतर्भूत संचाला वाऱ्याखेरीज मिळणारा हा दुसरा छोटा लाभ. मात्र तो मोजावयाचा तर नोंद सूर्यास्ताची नव्हे, पहाटे पाच-सहाची हवी, आणि ती झडीच्या, उघडिपीच्या व कोरड्या अशा तिन्ही काळांत सलग काही दिवस घेतलेली हवी.